नियम नोंदवहीत उतरतो तेव्हा : नाब्लुसचे नाके आणि मखसोम वॉचच्या बायका

जानेवारी २००१ मध्ये रॉनी येगर, आदी कुन्त्समन आणि येहुदित केशेत या तीन इस्रायली महिलांनी लष्करी नाक्यांवर जाऊन उभं राहायला सुरुवात केली. दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनींचा दुसरा उठाव, सुरू होऊन तीन-चार महिने झाले होते. नाक्यांवर पॅलेस्टिनींना कसं वागवतात याच्या बातम्या त्यांच्या कानावर येत होत्या. ते स्वतः डोळ्यांनी पाहायचं आणि पाहिलेलं लिहून ठेवायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. काही वर्षांत तिघींच्या सुमारे ४०० जणी झाल्या. गटाचं नाव पडलं मखसोम वॉच. मखसोम म्हणजे हिब्रूत नाका, अडसर. यात फक्त महिला, आणि त्याही इस्रायली. बहुतेक पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, शिकलेल्या, मध्यमवर्गीय. कुणी शिक्षिका, कुणी डॉक्टर, कुणी निवृत्त प्राध्यापक. अनेकींची मुलं किंवा नातवंडं त्याच सैन्यात होती.

लष्करी नाक्यांवर लक्ष ठेवणारे इतरही गट आहेत. जागतिक चर्च परिषदेने २००२ पासून चालवलेल्या उपक्रमात वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक तीन-तीन महिने पॅलेस्टिनी गावांत राहतात, पहाटे नाक्यावर जाऊन माणसं मोजतात, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सोबत चालतात. तरी अभ्यासासाठी मी मखसोम वॉचच घेतो. एक तर या बायका परक्या नाहीत. नाका ज्या राज्याचा, त्याच राज्याच्या नागरिक आहेत. दुसरं म्हणजे त्यांनी प्रत्येक पाळीचा अहवाल हिब्रूत आणि बराचसा इंग्रजीतही सर्वांना वाचता येईल असा ठेवला. कुठल्या नाक्यावर कुठल्या दिवशी दुपारी काय चाललं होतं, हे आज वीस वर्षांनीही वाचता येतं. आणि मुख्य म्हणजे, पाहणाऱ्याच्या हातून काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही, हे दोन्ही या प्रकरणात जितकं उघड दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

नाका नेमका कुठे होता

आपल्याकडे नाका म्हटलं की दोन राज्यांची किंवा दोन देशांची हद्द डोळ्यांसमोर येते. इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातले बहुतेक नाके तसे नव्हते आणि आजही नाहीत. ते दोन पॅलेस्टिनी गावांच्या मध्ये, गाव आणि शहराच्या मध्ये, कधी गाव आणि त्याच्याच शेताच्या मध्ये आहेत. नाब्लुस हे याचं ठळक उदाहरण. गेरिझिम आणि एबाल या दोन डोंगरांमधल्या खोऱ्यात वसलेलं हे जुनं व्यापारी शहर. ऑलिव्हच्या तेलाचा साबण इथला, कुनाफा ही मिठाई इथली, अन-नजाह विद्यापीठ इथलं. आजूबाजूच्या खेड्यांची रुग्णालयं, बाजार, कचेऱ्या सगळं इथेच. दुसऱ्या इंतिफादाच्या वर्षांत या शहराला नाक्यांचं कडं पडलं. दक्षिणेला हुवारा, पश्चिमेला बेत इबा, पूर्वेला बेत फुरीक. या नाक्यांच्या दोन्ही अंगांना पॅलेस्टिनीच राहत होते.

साध्या माणसाला आपलं वाहन घेऊन नाका ओलांडता येत नसे. गावाहून टॅक्सीने नाक्यापर्यंत यायचं, उतरायचं, पायी रांगेत लागायचं, तपासणी संपली की पलीकडे चालत जाऊन दुसरी टॅक्सी धरायची. त्यामुळे दोन्ही अंगांना पिवळ्या टॅक्स्यांचे तळ उभे राहिले, चहा-कॉफीवाले आले, तीळ लावलेल्या कडक पावांच्या गाड्या आल्या, हमालीच्या ढकलगाड्या आल्या. फ्रीज, पिठाची पोती, लग्नाचं सामान याच ढकलगाड्यांवरून इकडून तिकडे जाई. नाका ज्यांची वाट अडवत होता, त्यांच्यातल्याच काहींची चूलही त्याच नाक्यावर पेटत होती.

हे नाके हवेतून आले नव्हते, हेही इथे नोंदवायला हवं. २००० ते २००५ या काळात सुमारे १००० इस्रायली आणि ३००० हून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. बसमध्ये, उपाहारगृहांत, बाजारांत आत्मघाती स्फोट होत होते आणि नाब्लुसमधून निघालेले हल्लेखोर त्यात होते. मार्च २००२ मध्ये वादी हरामिया इथल्या नाक्यावर डोंगरातून गोळ्या झाडून एकाच बंदूकधाऱ्याने १० इस्रायलींना ठार केलं. त्यात ७ सैनिक होते. मार्च २००४ मध्ये खुद्द हुवाराच्या नाक्यावर स्फोटकांचा पट्टा बांधलेल्या एका अल्पवयीन मुलाला पकडलं गेलं. नाक्यावरचा अठरा-एकोणीस वर्षांचा जवान घाबरलेला असे, आणि त्याला घाबरायला कारण होतं. लष्करी सेवा सक्तीची असल्याने त्या वयाच्या जवळपास प्रत्येक ज्यू मुलावर ती पाळी येऊ शकत होती. आपल्या कोकणातून गेलेली आणि लोद, अश्दोद, दिमोना अशा शहरांत स्थायिक झालेली बेने इस्रायली कुटुंबंही याला अपवाद नाहीत. ज्या घरांत आजी अजून मराठी बोलते, त्या घरांतली मुलंही याच सैन्यात जातात.

मखसोम वॉचच्या बायका ही भीती नाकारत नव्हत्या. त्यांचा प्रश्न वेगळा होता. दोन पॅलेस्टिनी गावांच्या मध्ये, इस्रायलच्या हद्दीपासून कित्येक किलोमीटर आत, रोज हजारो माणसांना अडवून नेमकं कुणाचं संरक्षण होतं?

एक पाळी

पाळीची पद्धत साधी होती. दोघी-तिघी किंवा चौघी मिळून एका गाडीने निघायच्या. सकाळची एक पाळी, दुपारची एक. दंडावर किंवा छातीवर गटाचा बिल्ला. हातात वही, खिशात फोन आणि फोनमध्ये नागरी प्रशासन या लष्कराच्याच विभागाच्या मदत केंद्राचे, जिल्हा समन्वय कार्यालयाचे, तुकडीच्या अधिकाऱ्यांचे नंबर. त्यांना लष्कराचा कुठलाही अधिकार नव्हता. त्या जवानाला हुकूम देऊ शकत नव्हत्या, रांग सोडवू शकत नव्हत्या. कधी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं जाई, कधी हाकललं जाई, कधी एखादा जवान आपणहून येऊन बोलत उभा राही.

वहीत काय लिहायचं, हे अनुभवातून ठरत गेलं. पोचलो तेव्हा किती वाजले होते. तपासणीच्या किती खिडक्या उघड्या आहेत. पुरुषांच्या रांगेत अंदाजे किती जण, बायका आणि म्हाताऱ्यांच्या रांगेत किती. रांगेतल्या एखाद्या माणसाचा चेहरा किंवा शर्टचा रंग लक्षात ठेवायचा आणि तो बाहेर पडेपर्यंत किती वेळ लागला ते पाहायचं. बाजूला थांबवून ठेवलेले किती, कधीपासून आणि का. रुग्णवाहिका आली का, किती वेळ उभी होती.

बाजूला थांबवणं हा भाग नीट समजून घ्यायला हवा. जवानाला शंका आली किंवा यादीतला क्रमांक जुळला, की तो ओळखपत्र ठेवून घ्यायचा आणि शिन बेत या अंतर्गत गुप्तचर यंत्रणेकडे तपासणीसाठी कळवायचा. उत्तर येईपर्यंत माणूस एका कोपऱ्यात. उन्हात किंवा पावसात, कधी तासभर, कधी अर्धा दिवस. ओळखपत्राशिवाय त्याला पुढेही जाता येत नाही आणि मागेही. अनेकदा उत्तर आलेलं असे आणि ओळखपत्र जवानाच्या खिशातच राहून गेलेलं असे. अशा वेळी या बायका फोन लावायच्या. "हुवारावर सात माणसं दहा वाजल्यापासून उभी आहेत, त्यांच्या क्रमांकांचं काय झालं?" इतकंच. पाच फोन, सात फोन. मग कुणीतरी अधिकारी नाक्यावर फोन करायचा आणि माणसं सुटायची. सगळी नाही, पण बरीच. कुठलाही कायदा न बदलता, कुणाचं मन न वळवता हे होत होतं. या माणसांची कुणीतरी वेळ मोजतंय, एवढं वरपर्यंत कळणं पुरेसं ठरायचं.

रांगेत आणखी एक गोष्ट रोज घडायची आणि ती अहवालांत पुन्हा पुन्हा येते. पुढे उभं राहायची एक रेघ असायची, पण जमिनीवर आखलेली काहीच नसायची. ती जवानाच्या मनात असे आणि पाळी बदलली की सरकत असे. मागून रेटा येऊन पुढचा माणूस दोन पावलं सरकला की आरडाओरडा व्हायचा: "इर्जा लवारा!" मागे हो. ओळखपत्र मागायचं आणि मागे हटवायचं, बऱ्याच जवानांना अरबी येई ते एवढ्यापुरतं. लोक मागे सरायचे, मागचे आणखी मागे ढकलले जायचे. सगळे मागे गेले असं जवानाला वाटेपर्यंत तपासणी बंद. ही न दिसणारी रेघ ओलांडल्याबद्दल अख्ख्या रांगेला अर्धा तास भोगावा लागे. दूर उभं राहून पाहिलं तर लोकच बेशिस्त वाटतात. जवळ उभं राहिलं, तर रेघ कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही हे कळतं.

न लिहिलेला नियम

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. नाक्याच्या खांबावर कुठेही नियमांची पाटी नव्हती. आज कोण जाऊ शकतं आणि कोण नाही हे सकाळी तुकडीला सांगितलं जाई, आणि दुपारी ते बदललेलं असे. कधी १६ ते ३५ वयाच्या पुरुषांना नाब्लुसमधून दक्षिणेला जायला बंदी. कधी जेनीन आणि तुलकरेमच्या रहिवाशांना बंदी, मग तो शिक्षक असो की वऱ्हाडी. कधी विद्यार्थ्यांचं ओळखपत्र चालायचं, कधी तेच ओळखपत्र जवान परत हातात द्यायचा. परीक्षेचा दिवस असो की घरातलं मयत, नियम विचारायचा कुणाला? रांगेतल्या माणसाला तो आपल्याला परत पाठवलं गेल्यावरच कळायचा.

अशा ठिकाणी न्यायालयात जाणंही अवघड असतं. नियम दाखवता आला तर त्याला आव्हान देता येतं; जो कागदावरच नाही त्याला कसं देणार? मखसोम वॉचच्या वह्यांनी नकळत ही पोकळी भरली. एका दिवशी २० वर्षांचा मुलगा परत गेला, हा प्रसंग झाला. तीन नाक्यांवर, दोन्ही पाळ्यांत, आठवडाभर त्या वयाचे पुरुष परत जात असल्याची नोंद झाली की हुकूम कुणी न दाखवताही दिसू लागतो. सैन्याने न छापलेला नियम या बायकांच्या वहीत छापला जात होता, तारीख-वेळेसकट. पत्रकार, वकील, बेत्सेलेमसारख्या मानवाधिकार संस्था, संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी कार्यालय या सगळ्यांचं काम आपापल्या जागी चालूच होतं. पण रोज, न चुकता, काही विशेष घडो न घडो, नाक्यावर उभं राहणं हे काम या बायकांचं होतं. बातमीदार घटना घडल्यावर येतो. नियम मात्र घटना न घडलेल्या दिवसांतच सापडतो, आणि म्हणून या अहवालांतली जी पानं वाचताना कंटाळा येतो, तीच मला सर्वांत मोलाची वाटतात.

बेत इबाचं व्हायोलिन

९ नोव्हेंबर २००४. बेत इबाच्या नाक्यावर एका पॅलेस्टिनी तरुणाकडे व्हायोलिन होतं. जवानांनी पेटी उघडायला लावली, आणि रांगेतली माणसं पाहत असताना, जवान समोर उभे असताना, तो ते वाजवू लागला. मखसोम वॉचच्या एका सदस्येकडे कॅमेरा होता. तिने ते टिपलं. महिनाअखेरीस ही चित्रफीत इस्रायली वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर आली आणि देश ढवळून निघाला.

त्या तरुणाचं म्हणणं होतं की जवानांनी त्याला वाजवायला लावलं, काहीतरी दुःखी सूर वाजव म्हणाले. सैन्याने आधी जवानांचं वागणं असंवेदनशील होतं असं म्हटलं, पण हेतू अपमानाचा नव्हता असंही सांगितलं. पुढे चौकशीनंतर तो आपणहून वाजवत होता असा पवित्रा घेतला. नेमकं काय बोललं गेलं हे चित्रफितीतून पूर्णपणे ठरवता येत नाही. पण इस्रायली घराघरांत जी प्रतिक्रिया उमटली ती या तपशिलांच्या पलीकडची होती. नाझी छावण्यांमध्ये ज्यू वादकांना वाजवायला लावत, ही आठवण त्या समाजाच्या रक्तात आहे. एका नामवंत इस्रायली कादंबरीकाराने वृत्तपत्रात लिहिलं की या जवानांवर खटला भरायला हवा, पण तो अरबांना छळल्याबद्दल नको, ज्यू संहाराच्या स्मृतीला काळिमा फासल्याबद्दल हवा.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. संताप खरा होता, त्याबद्दल शंका नाही. पण तो तरुण त्या संतापात कुठे होता? त्याच नाक्यावर त्याच महिन्यात आजारी माणसं अडली होती, विद्यार्थी परत गेले होते, माणसं तासन् तास कोपऱ्यात उभी होती. त्या सगळ्याच्या नोंदी प्रसिद्ध झालेल्या होत्या आणि त्यांनी कुणाचीही झोप उडाली नव्हती. नाक्यांवर अडकून डझनावारी बायका वाटेतच बाळंत झाल्या आणि काही अर्भकं दगावली, हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहे. त्यावर असं काहूर उठलं नाही. व्हायोलिनने समाजाला हलवलं, कारण त्यात समाजाला स्वतःचा भूतकाळ दिसला. रांगेत त्याला फक्त रांग दिसत होती.

मखसोम वॉचसाठी हे सर्वांत मोठं यश होतं, आणि मला वाटतं सर्वांत मोठी अडचणही. एका चित्रफितीने जे केलं ते हजारो पानांनी केलं नव्हतं. पण चित्रफितीतून निघालेला प्रश्न होता जवान कसा वागला. पानांमधला प्रश्न होता नाका इथे का आहे. पहिल्या प्रश्नाला उत्तर देणं सैन्याला जमण्यासारखं होतं: समज द्या, प्रशिक्षण द्या, नाक्यावर वयाने मोठे, अरबी जाणणारे राखीव दलातले लोक नेमा. त्या वर्षांत असे मदतनीस अधिकारी नाक्यांवर आलेही. दुसऱ्या प्रश्नाला हात लागला नाही.

मदत करावी की फक्त पाहावं

गटाच्या आत यावरून वाद होता आणि तो कधीच पूर्ण मिटला नाही. काही जणींचं म्हणणं: आपण फोन करून माणसं सोडवतो, गर्दीच्या वेळी आणखी एक खिडकी उघडायला लावतो, म्हणजे नाका अधिक सुरळीत चालवायला सैन्याला हातभारच लावतो. सुरळीत चालणारा नाका जास्त काळ टिकतो. आपण तिथे आहोत याचा अर्थ इथे सगळं देखरेखीखाली चाललंय, असाही काढला जाईल. दुसऱ्या जणी म्हणायच्या: समोर मधुमेहाची म्हातारी बाई दोन तास उभी आहे, तिला मी तुझ्यासाठी फोन करणार नाही कारण त्याने ताबा लांबेल, हे सांगायची माझी तयारी नाही.

जवानांशी बोलावं का, यावरही असेच दोन तट. काहींना तो मुलगा आपल्याच मुलासारखा दिसे. त्या त्याची विचारपूस करायच्या, समजावायच्या. आईच्या वयाची बाई समोर असली की जवान आवाज खाली आणतो, हेही अनेकदा दिसलं. काहींना याच आईपणाचा राग होता. आपण नागरिक म्हणून इथे उभ्या आहोत, कुणाच्या आई म्हणून नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि हे आईपण चालायचं ते फक्त ज्यू आईचं. रांगेतली पॅलेस्टिनी आई तिच्याच मुलासमोर ओरडा खात होती आणि तिचं वय कुणी पाहत नव्हतं, याकडेही गटातल्याच काहींनी बोट दाखवलं.

मी फोन करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. नाका टिकतो तो त्याच्यामागच्या राजकीय निर्णयामुळे; दोन फोनांनी तो ना टिकतो ना पडतो. त्या दोन फोनांनी एका माणसाची संध्याकाळ मात्र त्याला परत मिळते. पण फोन करणाऱ्यांनीही दुसऱ्या बाजूचं ऐकून घेतलं म्हणूनच अहवालांत सुटलेल्यांच्या आकड्याबरोबर नाका इथे का आहे हे वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं. हा वाद नसता तर हा गट एखाद्या मदत मंडळासारखा होऊन बसला असता.

२००९ च्या सुमारास नाब्लुसभोवतालचं कडं सैल झालं. बेत इबाचा नाका उठला, हुवारावरून वाहनं जाऊ लागली. हे निरीक्षणामुळे झालं असं म्हणता येणार नाही. हल्ले घटले होते, राजकीय वातावरण बदललं होतं, आर्थिक व्यवहार वाढावेत असा दबाव होता. या बायकांनीही ते श्रेय कधी घेतलं नाही.

रांग छोटी झाली

याच काळात दुसरीकडे वेगळीच गोष्ट आकाराला येत होती. रामल्ला आणि जेरुसलेमच्या मधला कलांदियाचा नाका, बेथलेहेमच्या वाटेवरचा ३०० क्रमांकाचा नाका, हे २००५ पासून मोठ्या बांधीव टर्मिनलसारखे झाले. लोखंडी जाळीच्या अरुंद गल्ल्या, एका वेळी एकच माणूस जाईल अशी फिरती लोखंडी दारं, गोळी न लागणाऱ्या काचेमागे बसलेला जवान, ध्वनिवर्धकातून येणारा आवाज. आता बोलायचं कुणाशी? काचेमागे असलेल्याचा चेहराही दिसत नव्हता. बेथलेहेममध्ये मजूर पहाटे दोन-तीनपासून गल्लीत उभे राहत, कारण जेरुसलेमच्या बांधकामावर सातला हजर नाही झालं तर मुकादम दुसऱ्याला घेई. बायका, रुग्ण आणि म्हाताऱ्यांसाठीचं वेगळं दार गर्दीच्या वेळी कुलूपबंदच. स्वयंसेवकांचे पहाटेचे फोन बहुतेक त्या एका दारासाठी असायचे.

मग २०१९ मध्ये कलांदिया नव्याने उभा राहिला. परवान्याचं कार्ड आणि शरीराच्या खुणा ओळखणाऱ्या यंत्रांची स्वयंचलित दारं बसवली गेली आणि तासाभराची रांग काही मिनिटांवर आली. ज्याला रोज त्या जाळीतून जावं लागत होतं, त्याच्यासाठी ही खरीखुरी सुटका होती. तिला कमी लेखायचं कारण नाही. पण घड्याळ लावून रांग मोजणाऱ्यांच्या वहीत आता लिहायला फारसं उरलं नाही. दाराची दिवा-पट्टी हिरवी झाली तर माणूस गेला, लाल झाली तर परत. लाल का झाली, हे दारापाशी असलेल्या कुणालाच माहीत नाही.

मखसोम वॉचच्या एका गटाला हे आधीच उमगलं होतं आणि ते रांगेकडून परवान्याकडे वळले. १९९१ पासून पॅलेस्टिनींना इस्रायलमध्ये जायला वैयक्तिक परवाना लागतो. शिन बेतने हरकत घेतली की तो मिळत नाही, आणि हरकतीचं कारण गुप्त असतं. वर्षानुवर्षं इस्रायलमध्ये काम करणाऱ्या, कसलाही गुन्हा नसलेल्या माणसाला एक दिवस खिडकीवर सांगितलं जातं की तुझ्या नावावर मनाई आहे. या बायकांनी अशा माणसांचे अर्ज भरायला, हिब्रूत पत्रं लिहायला, वकिलामार्फत न्यायालयात जायला सुरुवात केली. आणि तिथे पुन्हा तीच गोष्ट उघडी पडली: बऱ्याच प्रकरणांत वकील उभा राहताच मनाई उठली. माणूस खरोखर धोकादायक असता तर एका अर्जाने ती उठली नसती. जो नियम एकेकाळी जवानाच्या तोंडी हुकुमात होता तो आता संगणकातल्या यादीत गेला होता, आणि तो बाहेर काढायची रीत तीच राहिली. एकेक नकार नोंदवायचा, शेजारी शेजारी ठेवायचे, आकार दिसेपर्यंत थांबायचं.

ऑक्टोबर २०२३ नंतर

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली. त्यानंतर इस्रायलने वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबवले. त्याआधी दीड लाखांच्या आसपास मजूर इस्रायलमध्ये आणि वेस्ट बँकमधल्या ज्यू वसाहतींत कामाला जात होते. फार थोडे अपवाद वगळता ते घरी बसले. बेथलेहेमच्या पहाटेच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या. काही जण इस्रायलने उभारलेली भिंत चढून, जिवावर उदार होऊन कामाला जात राहिले.

या रिकाम्या झालेल्या जागांशी आपला थेट संबंध आहे. भारत आणि इस्रायल यांच्यात मे २०२३ मध्ये, म्हणजे युद्धाच्या आधीच, ४२,००० भारतीय कामगार पाठवण्याचा करार झाला होता. त्यातले ३४,००० बांधकामासाठी. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणात आणि उत्तर प्रदेशात भरतीची शिबिरं लागली आणि त्याच वर्षी पुढे महाराष्ट्रातही. शटरिंग, सळई बांधणी, प्लास्टर, टाइल्स या चार कामांसाठी. या प्रकरणात ज्यांच्याबद्दल लिहिलं, पहाटे दोनला जाळीत उभे राहणारे, ते बहुतेक याच चार कामांतले. गावाकडे मजुरी मिळत नाही म्हणून निघालेल्या आपल्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याला घर चालवायचं आहे. पण आपण कुणाच्या रिकाम्या जागी जातोय, हे भरतीच्या रांगेत उभं राहण्याआधी त्याला माहीत असायला हवं, आणि ते सांगायचं काम त्याला पाठवणाऱ्यांचं आहे.

वेस्ट बँकच्या आत मात्र अडथळे वाढले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कार्यालयाने २०२३ मध्ये ६४५ अडथळे मोजले होते. २०२५ च्या सुरुवातीला ते ८४९ झाले. यातल्या अनेक ठिकाणी जवानच नसतो. गावाच्या तोंडाशी पिवळं लोखंडी फाटक, मातीचा ढिगारा किंवा सिमेंटचे ठोकळे. फाटक केव्हा उघडणार हे गावाला माहीत नसतं. लोक रोज सकाळी फोनवरच्या गटांत एकमेकांना विचारतात, कुठलं उघडं, कुठलं बंद. दहा मिनिटांच्या वाटेला तासभराचा वळसा पडतो. हुवारा पुन्हा बातम्यांत येऊ लागला.

पाहणाऱ्यांसाठी दिवस त्याआधीपासूनच कठीण होत गेले होते. वेस्ट बँकमधल्या हेब्रोन शहरातलं आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथक दोन दशकांहून अधिक काळ काम करत होतं. जानेवारी २०१९ मध्ये इस्रायलने त्याची मुदत वाढवायला नकार दिला आणि ते निघून गेलं. परदेशी स्वयंसेवकांना विमानतळावरूनच परत पाठवल्याची उदाहरणं आहेत. मखसोम वॉचच्या सदस्यांना हे लागू होत नाही, त्या आपल्याच देशात असतात. त्यांना गद्दार म्हटलं जातं, पण हद्दपार करता येत नाही. आता त्यांची संख्या पूर्वीच्या मानाने बरीच कमी आहे आणि अनेकींची वयं ऐंशीच्या घरात गेली आहेत. तरी गाड्या निघतात. नाब्लुसच्या आसपासच्या रस्त्यांवरून, जॉर्डन खोऱ्यातून त्या फिरतात, आणि वहीत आता रांगेच्या जागी फाटकं येतात: कुठल्या गावाचं, किती वाजता पाहिलं, उघडं होतं की बंद, बंद असेल तर पलीकडे कोण वाट पाहत होतं, आणि विचारायला तिथे कुणी होतं का.